पीझेडटीच्या (लेड झिर्कोनेट टायटनेट, म्हणजे दाबल्यावर वीज देणाऱ्या आणि वीज दिल्यावर आकार बदलणाऱ्या सिरॅमिकच्या) चकतीवर 40 मेगापास्कल दाब ठेवून विद्युतक्षेत्र उलटं केलं, की माझं सिम्युलेशन प्रयोगाशी अजिबात जुळत नाही. काय चुकत असेल?

तुम्ही लिहिलंय की सॉफ्टवेअरमध्ये उत्पादकाच्या माहितीपत्रकातले पिझो स्थिरांक, म्हणजे दाब आणि विजेचं नातं सांगणारे ठरावीक आकडे, भरलेत. घोळ तिथेच आहे. ते आकडे खोटे नाहीत, पण पोलिंग झालेल्या (जोरदार विद्युतक्षेत्राने ध्रुवीकरण एका दिशेला वळवलेल्या) चकतीला हळूच डिवचलं तर काय होतं, एवढंच ते सांगतात. तुम्ही तिला चांगलीच दाबताय. अशा वेळी आतली डोमेन, म्हणजे एकाच दिशेचं ध्रुवीकरण असलेले छोटे भाग, फिरतात, आणि भार काढला म्हणून सगळी परत जागेवर येत नाहीत.

40 मेगापास्कल खरंच जास्त आहे का? बेरियम टायटनेट या त्याच जातीच्या पदार्थावर हिशेब करून बघू, कारण पीझेडटीचे आकडे मिश्रणागणिक बदलतात. खोलीच्या तापमानाला बेरियम टायटनेटच्या स्फटिकाची पेशी (अणूंची पुन्हापुन्हा येणारी छोटी चौकट) एका दिशेने साधारण 1.1 टक्का लांब असते आणि तिचं ध्रुवीकरण चौरस मीटरला 0.26 कूलोम्ब. आडवं डोमेन 90 अंश वळून क्षेत्राच्या दिशेत आलं, तर 1 किलोव्होल्ट प्रति मिलिमीटरचं क्षेत्र घनमीटरमागे 0.26 मेगाज्यूल काम करतं. तेवढंच काम दाबाकडून करून घ्यायला 0.26 भागिले 0.011, म्हणजे जेमतेम 24 मेगापास्कल पुरतात! म्हणजे तुमचा दाब अशा क्षेत्राच्या तोडीस तोड आहे.

म्हणून आधी एक साधं मॉडेल लिहा. काही हजार ग्रेन (सिरॅमिक ज्यांचं बनतं ते स्फटिककण) घ्या, प्रत्येकाची दिशा यादृच्छिक, आणि प्रत्येकात ध्रुवीकरणाला सहा पर्याय, पेशीच्या तिन्ही अक्षांवर दोन-दोन. दाबाचं काम अधिक क्षेत्राचं काम एका उंबरठ्यापलीकडे गेलं, की ध्रुवीकरण उडी मारतं. ह्वांग, लिंच आणि मॅकमीकिंग यांनी 1995 साली मांडलेली ही कल्पना पायथॉनमध्ये एका दुपारी लिहून होते.

इथे मी आपटलो होतो ते सांगतो. 90 आणि 180 अंशांच्या उड्यांना मी एकच उंबरठा दिला. हिस्टेरेसिसचं वेटोळं (क्षेत्र मागे-पुढे केल्यावर ध्रुवीकरणाच्या आलेखात येतं ते) झकास आलं, मी खूश. पण विकृतीच्या, म्हणजे लांबीतल्या बदलाच्या, आलेखात फुलपाखराच्या पंखांसारखा जो आकार येतो, तो खाली उतरेचना. कारण पोल झालेले बहुतेक ग्रेन थेट 180 अंशांत उलटत होते, आणि त्या उडीत लांबी बदलतच नाही. खऱ्या सिरॅमिकमध्ये बरीचशी डोमेन 90 अंशांच्या दोन टप्प्यांत वळतात. त्या उडीचा उंबरठा कमी केल्यावर गाडी रुळावर आली. दोन आठवडे गेले त्यात.

तरीही तुमचा आलेख प्रयोगापेक्षा टोकदार येईल. या मॉडेलमध्ये ग्रेनला शेजाऱ्याची पर्वा नसते. प्रत्यक्षात एक वळला की शेजारचे त्याला अडवतात. त्यासाठी हेच नियम फायनाइट एलिमेंटमध्ये, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे जोडून हिशेब करणाऱ्या पद्धतीत, घालावे लागतात. डोमेनच्या भिंतीसुद्धा मोजणाऱ्या फेज-फील्ड पद्धतीच्या नादी मात्र सध्या लागू नका. डोमेनची भिंत काही नॅनोमीटर जाड, तुमची चकती मिलिमीटरमध्ये; तेवढी जाळी कुठलाच संगणक पेलणार नाही.

कोड तयार झाला की पोल न केलेल्या नमुन्यावर, क्षेत्र शून्य ठेवून, नुसता दाब द्या. दाबाला वर आणि खाली यांतला फरक कळत नाही, त्यामुळे एकूण ध्रुवीकरण शून्याजवळच राहायला हवं. ते वाढताना दिसलं, तर ग्रेनचे कोन पुन्हा तपासा. बहुधा अर्ध्याच गोलातले घेतले असतील.