ज्यूकबॉक्सची कॅरेज अडली म्हणून लगेच पार्ट शोधू नका

कॅरेज, म्हणजे तबकड्यांच्या रांगेवरून सरकणारा गाडा, बरोबर तबकडीपाशी थांबते, तबकडी अर्धी उचलली जाते आणि मग मोटर नुसती घूं-घूं करते, असं तुम्ही लिहिलंय. दादा, तुमच्या सीबर्ग ज्यूकबॉक्समध्ये (निवडलेलं गाणं आपोआप वाजवणाऱ्या तबकड्यांच्या मशीनमध्ये) काही मोडलंय असं मला वाटत नाही. कॅरेज जागेवर थांबतेय म्हणजे निवड करणारा भाग शाबूत आहे. दोष बहुतेक वाळलेल्या ग्रीसचा. इतक्या वर्षांत ते मेणासारखं घट्ट होतं आणि उचलण्याच्या वेळी, जिथे सगळ्यात जास्त जोर लागतो, तिथेच मोटर हरते.

आधी प्लग काढा. मग मोटरचा शाफ्ट बोटांनी फिरवून पाहा. जिथे जड लागेल तिथे थांबा, जोर लावू नका. मी एकदा जोर लावून एक लिव्हर वाकवला होता आणि तो सरळ करताना तुटला. तसला लिव्हर कोल्हापुरात कुठल्याही दुकानात मिळत नाही. गिअर, कॅम (फिरताना लिव्हर ढकलणारी चकती) आणि पिव्होट (लिव्हर ज्यावर हलतो ती खीळ) टर्पेंटाइन अन् जुन्या टूथब्रशने घासा, जुनं ग्रीस दिसेनासं होईपर्यंत. नुसता स्प्रे मारलात तर दोन दिवस चालेल, परत अडेल. पिव्होटला हलक्या मशीन ऑइलचा एकेक थेंब पुरे, गिअरला नवं ग्रीस पातळच लावा. रबराला आणि विजेच्या कॉन्टॅक्टला तेल लागू देऊ नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात कॉन्टॅक्ट तसेही काळे पडतात, ते जाड कागदाने पुसा.

दुसरी गोष्ट वेगाची. मशीन अमेरिकेतलं, म्हणजे ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ बदलत नाही. आपल्या ५० हर्ट्झवर मोटर सावकाश फिरते आणि ४५ची (मिनिटाला ४५ फेऱ्यांची) तबकडी साधारण ३७.५ने वाजते, गाणं रडल्यासारखं. मोटरवरच्या बुशने (शाफ्टवर बसवलेल्या छोट्या कडीने) रबरी चाक फिरत असेल तर बुशचा व्यास १.२ पट करून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर कुणीही करून देईल, पण तोंडी माप सांगू नका, जुना बुश हातात घेऊन जा. तो नीट गोल झाला नाही तर सूर लडखडतो.

शाफ्ट कुठे जड लागला ते कळवा, म्हणजे नेमका कोणता कॅम ते सांगता येईल.