डायरीतला जुना भाव आणि संकेतस्थळावरचा भाव जुळत का नाही?

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या डायरीत एका शेअरचा खरेदीभाव लिहिलेला आहे, पण त्याच तारखेचा भाव इंटरनेटवर काढला तर तो कितीतरी कमी दिसतो. चूक कुणाची? आणि मागचे भाव पाहून पुढचं काही कळतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बहुतेक वेळा चूक कुणाचीच नसते. डायरीत त्या दिवशी खरोखर मोजलेले पैसे आहेत. संकेतस्थळावर तोच भाव आजच्या शेअरच्या मापात बसवून दाखवलेला आहे. जुन्या भावाचा आकडा कधी एकटा वाचू नये, तो कोणत्या मापातला आहे हे आधी विचारावं, एवढं एकच सांगायला मी हे सगळं लिहितोय. बाकीचं त्यातूनच निघतं.

ॲपलचं उदाहरण घ्या. १२ डिसेंबर १९८० रोजी हा शेअर २२ डॉलरला बाजारात आला. आजच्या मापात मात्र हा भाव १० सेंटांपेक्षाही कमी भरतो. मधल्या काळात शेअरचं पाच वेळा विभाजन झालं: १९८७, २००० आणि २००५ मध्ये एकाचे दोन, २०१४ मध्ये एकाचे सात, २०२० मध्ये एकाचे चार. गुणाकार केला की २२४ येतात. तेव्हा एक शेअर घेऊन ज्याने तो सांभाळला, त्याच्याकडे आज २२४ शेअर आहेत. म्हणून आजच्या एका शेअरशी तुलना करायची तर जुन्या २२ ला २२४ ने भागावं लागतं. पण १९८० मध्ये कुणालाही हा शेअर १० सेंटला मिळत नव्हता. ‘तेव्हा काही पैशांत मिळायचा’ असं लोक सांगतात तेव्हा ते समायोजित, म्हणजे आजच्या मापात बसवलेला भाव वाचत असतात, आणि त्या भावाने कधीच व्यवहार झालेला नसतो.

बोनस शेअरचंही, म्हणजे कंपनी भागधारकांना फुकट देते त्या जादा शेअरचंही गणित हेच. एकास एक बोनस मिळाला की मागचे सगळे भाव निम्मे होतात. उलटंही घडतं. सिटीग्रुप या अमेरिकन बँकेने मे २०११ मध्ये दहा शेअरचा एक केला, त्यामुळे त्याआधीचे सगळे भाव दहापट झालेले दिसतात. २००६ च्या अखेरीस हा शेअर ५५ डॉलरच्या आसपास होता, आलेखावर मात्र ५५० च्या आसपास दिसतो. आता तो पाहून ‘इतक्या खाली आलाय म्हणजे स्वस्त आहे, परत तिथे जाईल’ असं म्हणणारे भेटतात. त्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटते. २००८ च्या आर्थिक संकटानंतर भांडवल उभं करण्यासाठी कंपनीने प्रचंड नवे शेअर काढले. दहाचा एक होण्याआधी शेअरची संख्या सुमारे ५ अब्जांवरून सुमारे २९ अब्जांवर गेली होती. म्हणजे पूर्ण कंपनीची किंमत जुन्या पातळीला पोहोचली तरी ती आता कितीतरी जास्त वाटेकऱ्यांत विभागली जाते. अशा नव्या शेअरची भरपाई समायोजित भाव करत नाही, ती आपण स्वतः तपासायची असते.

आता लाभांश, म्हणजे कंपनी नफ्यातून भागधारकांना देते ते पैसे. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबतो.

समजा दिवसअखेरीस शेअर १०० वर बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी तो २ च्या लाभांशाशिवाय मिळू लागला. बाकी काहीच घडलं नाही तर तो ९८ वर उघडेल. शेअर असणाऱ्याचं यात नुकसान नाही, कारण दोन त्याच्या हातात आले आहेत. पण आलेखावर पडझड दिसते. ती पुसण्यासाठी काही संकेतस्थळं त्या दिवसाआधीच्या सगळ्या भावांना ०.९८ ने गुणतात. पुढच्या लाभांशाला पुन्हा तसंच. दरवर्षी २ टक्के लाभांश असा २० वर्षं मिळत राहिला, तर २० वर्षांपूर्वीचा १०० चा भाव ६७ च्या आसपास दिसायला लागतो. एका संकेतस्थळावर एक आकडा आणि दुसऱ्यावर दुसरा, याचं कारण बहुधा हेच: एकाने फक्त विभाजन आणि बोनस धरलेत, दुसऱ्याने लाभांशही धरलाय. यातून आणखी एक गोष्ट होते, आणि ती फार कुणी सांगत नाही. लाभांश धरलेला जुना भाव दर लाभांशानंतर पुन्हा बदलतो. गेल्या वर्षी उतरवून घेतलेली फाइल आणि आज उतरवलेली फाइल एकाच तारखेला वेगवेगळे आकडे दाखवतील. त्या दोन्ही एकमेकींना जोडू नका. पूर्ण मालिका एकाच दिवशी, एकाच ठिकाणाहून घ्या आणि फाइलच्या नावात ती तारीख लिहा.

याने केवढा फरक पडतो ते मायक्रोसॉफ्टच्या भावात दिसतं. डिसेंबर १९९९ च्या अखेरीस हा शेअर ११९ डॉलरवर होता. फेब्रुवारी २००३ मध्ये एकाचे दोन झाले, म्हणून आजच्या आलेखावर तो सुमारे साडेएकोणसाठ दिसतो. बंद भावाची ती पातळी पुन्हा ओलांडायला ऑक्टोबर २०१६ उजाडला. जवळजवळ १७ वर्षं! पण याच काळात कंपनीने लाभांश द्यायला सुरुवात केली आणि २००४ मध्ये तर शेअरमागे ३ डॉलरचा खास लाभांशही दिला. लाभांश पुन्हा त्याच शेअरमध्ये गुंतवला असं धरलं तर भरपाई त्याआधीच झालेली दिसते. भाव कधी परतला आणि गुंतवणूकदाराचे पैसे कधी परतले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यासाठी फक्त विभाजन धरलेला भाव पाहा, दुसऱ्यासाठी लाभांशही धरलेला.

कंपनीचे तुकडे होतात तेव्हाही असंच होतं. जुलै २०१५ मध्ये ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या कंपनीतून पेपाल ही पैसे पाठवण्याची सेवा देणारी कंपनी वेगळी झाली आणि ईबेचा भाव ६६ डॉलरच्या आसपासवरून एकदम २८ च्या आसपास आला. भागधारकांचं तेवढं नुकसान झालं नव्हतं, पेपालचे शेअर त्यांना वेगळे मिळाले होते. आलेखात असा कडा दिसला की आधी त्या दिवशी कंपनीने काय केलं ते पाहा, मग घाबरा.

तर तुमच्या डायरीकडे येऊ. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांसाठीचा विभाग असतो, तिथे विभाजन, बोनस आणि विभक्त झालेल्या कंपन्यांची माहिती बहुधा मिळते. खरेदीच्या तारखेनंतरचे सगळे गुणक (एकाचे दोन झाले असतील तर २, एकाचे सात झाले असतील तर ७) एकमेकांशी गुणा आणि संकेतस्थळावरच्या भावाला त्या संख्येने गुणा. मात्र तो भाव लाभांश न धरलेला हवा, नाहीतर उत्तर कमीच येईल. हिशेब बरोबर असेल तर डायरीतला आकडा त्या दिवसाच्या किमान आणि कमाल भावाच्या दरम्यान पडायला हवा. बंद भावाशी तो तंतोतंत जुळणार नाही, कारण वडिलांनी दिवसभरात कधीतरी खरेदी केली असेल आणि आकड्यात दलालीही धरली असेल. एक-दोन दिवस मागेपुढे करूनही पाहा, पुष्कळ जण सौद्याऐवजी पैसे दिल्याची तारीख लिहितात. शेअर बाजाराच्या स्वतःच्या रोजच्या नोंदी मिळाल्या तर सगळ्यात उत्तम, त्यात त्या दिवशीचा मूळ भाव असतो. आणि करासाठी काही दाखवायचं असेल तर मूळ बिल आणि मोजलेल्या पैशांची नोंद हाताशी ठेवा, समायोजित भाव तिथे अजिबात वापरू नका.

आता दुसरा प्रश्न. मागचे भाव पुढची दिशा सांगत नाहीत. पण शेअरचा स्वभाव ते बरंच सांगतात, आणि माझ्या मते त्यांचा खरा उपयोग तोच आहे. मी कुठलाही शेअर पाहताना आधी त्याची सगळ्यात मोठी घसरण काढतो: शिखरापासून किती टक्के खाली गेला आणि परत यायला किती काळ लागला. ५० टक्के पडलेल्या शेअरला मूळ जागी यायला १०० टक्के वाढावं लागतं, ८० टक्के पडलेल्याला ४०० टक्के. मग स्वतःला विचारा की एवढी घसरण मी न विकता सोसली असती का. वार्षिक वाढ काढताना सुरुवातीची तारीख तीन-चार वेळा बदलून पाहा. डिसेंबर १९९९ पासून मोजलं तर एक चित्र दिसतं आणि मार्च २००९ पासून मोजलं तर अगदी वेगळं. जाहिरातीत नेहमी सोयीची तारीख निवडलेली असते. लांब काळाचा आलेख टक्केवारीच्या म्हणजे लॉग मापावर पाहा, नाहीतर सुरुवातीची सगळी वर्षं सपाट रेघ वाटतात आणि तिथे झालेली पडझड दिसतच नाही.

शेवटी, आज ज्या कंपन्यांचे भाव सहज सापडतात त्या टिकून राहिलेल्या आहेत. एन्रॉन ही अमेरिकन ऊर्जा कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली, लेहमन ब्रदर्स ही तिथलीच गुंतवणूक बँक सप्टेंबर २००८ मध्ये. अशा कंपन्या आजच्या याद्यांमध्ये नसतात, त्यामुळे याद्यांवरून काढलेली सरासरी खऱ्यापेक्षा चांगली दिसते. कधी नाव तेच राहतं आणि शेअर बदलतो. जनरल मोटर्स जून २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि जुन्या भागधारकांच्या हाती काही उरलं नाही. त्याच नावाचा नवा शेअर नोव्हेंबर २०१० मध्ये ३३ डॉलरला आला आणि आजचा आलेख तिथूनच सुरू होतो. त्यामुळे तुमच्या कंपनीचा आलेख डायरीतल्या तारखेनंतर सुरू होत असेल, तर गुणाकार करण्याआधी ती कंपनी मधल्या काळात बुडाली, विलीन झाली की नाव बदलून पुढे चालली, ते शोधा.