त्या आईला आरोपी करू नकोस

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. डिस्चार्ज मिळून तीन महिने होत नाहीत तोच तुझ्या त्या सिझोफ्रेनियाच्या पेशंटला, त्या मुलाला, परत आवाज ऐकू यायला लागले, परत अ‍ॅडमिट, आणि तू लिहितेस की मॅडम, आई दिवसभर टोचून बोलते, घरच्यांनीच आजारी पाडलंय त्याला. हे वाक्य केस फाइलमध्ये लिहिलं असशील तर आधी खोड, आणि त्या माउलीसमोर तर चुकूनही बोलू नकोस.

तुला जे दिसलं ते खोटं नाहीये. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांना लंडनमध्ये 1958 च्या सुमारास हेच दिसलं होतं, हॉस्पिटलातून सुटलेले पुरुष आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेले की जास्त परत यायचे, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहिलेले कमी. मग घरचे पेशंटबद्दल बोलताना किती टीका करतात, किती राग आहे, किती अतिकाळजी आहे हे मोजायची पद्धत आली, तेच तुमच्या अभ्यासातलं एक्स्प्रेस्ड इमोशन. 1976 मध्ये वॉन आणि लेफ या संशोधकांनी आकडे मांडले, तापलेल्या, म्हणजे हे सगळं जास्त असलेल्या घरांतले साधारण निम्मे नऊ महिन्यांत परत आजारी, शांत घरांतले 13 टक्के. पण तू इथेच थांबलीस. पुढचं बघ ना, तापलेलं घर, आठवड्याला 35 तासांपेक्षा जास्त समोरासमोर आणि गोळ्या बंद, तर 92 टक्के. तसंच घर, पण गोळ्या चालू आणि सहवास 35 तासांच्या आत, तर 15. म्हणजे आईचा स्वभाव रातोरात बदलला नाही तरी आपल्या हातात किती काही आहे!

आता मला सांग, दहा बाय बाराच्या खोलीत 35 तास कधी भरतात? बुधवारपर्यंतच. वडील रिटायर, आई घरात, मुलगा कॉटवर पडून, आणि सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर. उठ की आता, अकरा वाजले, आंघोळ कर, शेजारचा बघ कसा कामाला लागला, गोळी घेतलीस का, नाटकं बंद कर. मला तर वाटतं टीका बहुतेक वेळा आवाज किंवा संशयावर होतच नाही, तो आजार आहे हे घरच्यांना कळतं, टीका होते ती पडून राहण्यावर, न बोलण्यावर, आंघोळ न करण्यावर, कारण ते आळशीपणासारखं दिसतं. कुणी त्यांना सांगितलेलंच नसतं की इच्छाच मरून जाणं हाही आजाराचाच भाग आहे. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या वेळा असतात, हे नसतं.

आणि ती आई टोचून का बोलते तेही बघ गं. रात्री तो जागा म्हणून ती जागी, नातेवाइकांनी येणं बंद केलंय, आपल्या माघारी याचं कोण करणार हा एकच विचार. आजारपणाने घर तापतं आणि तापलेल्या घराने आजारपण वाढतं, दोन्हीकडून चालतं हे.

अतिकाळजीचंही तसंच, पण इथे लंडनची फूटपट्टी जशीच्या तशी लावू नकोस. चंदीगडच्या अभ्यासात नातेवाइकांची टीका आणि अतिकाळजी लंडनपेक्षा बरीच कमी निघाली, आणि वर्षभरातल्या रिलॅप्सशी, म्हणजे आजार उलटण्याशी, नातं दिसलं ते मुख्यतः उघड राग-तिरस्काराचं. आई ताट वाढून देते, सोबत दवाखान्यात येते, एवढ्यावर लगेच ओव्हरइन्व्हॉल्व्ड असा शिक्का नको. हां, तिशीच्या मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानात एकट्याला जाऊ देत नसेल तर त्यावर नक्की बोल.

पुढच्या भेटीत आधी तिला विचार, तुम्ही झोपता का? मग आजार समजावून सांग, दोनदा सांग. मग दिवसाचे तास कागदावर मांडा, तो दोन तास वाचनालयात किंवा डे केअरला, ती भजनाला किंवा बहिणीकडे, वडील बाहेर. दिवसाला बोलायचं एकच काम ठरवा, आंघोळ तर आंघोळ, बाकीचं सोडून द्या म्हणावं, आणि ते केलं की "बरं केलंस" एवढं तरी म्हणा. गोळीची आठवण एकानेच करायची, तिघांनी नाही. झोप उडाली, संशय वाढला, खाणंपिणं कमी झालं की वाट न बघता डॉक्टरांना फोन, अडनिड्या वेळी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहेच. लेफ यांच्या टीमने 1982 मध्ये घरच्यांना शिकवणं, नातेवाइकांचा गट आणि घरी जाऊन बोलणं एवढंच गोळ्यांच्या जोडीला केलं, तर नऊ महिन्यांत रिलॅप्स 50 टक्क्यांवरून 9 वर आले. गट लहान होता, तरी मला हा आकडा फार धीर देतो.

आणि तिला शुभंकरांच्या, म्हणजे अशा पेशंटची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या गटात पाठव. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली सिझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, तिथे तिच्यासारख्याच आया भेटतील, आणि त्यांनी सांगितलेलं तिला तुझ्या-माझ्यापेक्षा लवकर पटेल. पहिल्या वेळी तू स्वतः सोबत जा. वडिलांनाही ने, ते नाही म्हणतील, तरी विचार.

तुझी,
मॅडम