हरणाच्या मानेला रोलर

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आम्ही अमेरिकेत, कनेक्टिकटमध्ये राहतो. घरामागे जंगल आहे. गेल्या उन्हाळ्यात धाकट्याला गोचीड चावून लाइम नावाचा आजार झाला. आता वसाहतीच्या सभेत हरणांना औषध लावणारं यंत्र बसवायचं घाटतंय, वर्गणीही मागितली आहे. रानातल्या हरणाला औषध लावणार कोण? आणि पैसे सार्थकी लागतील का?

उत्तर : ताई, माझा जन्म गाई-म्हशींचे गोचीड काढण्यात गेला. दावणीला बांधलेली म्हैससुद्धा कानाला हात लावू देत नाही. म्हणून या यंत्राबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो, मग मनापासून दाद दिली. टेक्सासमधल्या सरकारी कृषी संशोधकांची ही करामत. मध्ये मक्याचं पिंप, दोन्ही टोकांना खाण्याच्या कुंड्या आणि प्रत्येक कुंडीच्या दोन बाजूंना उभे रोलर, भिंत रंगवायचे असतात तसेच. त्यांना १० टक्के परमेथ्रिन हे गोचीड मारणारं औषध चोपडलेलं. मक्यासाठी तोंड खाली घातलं की रोलर कानामानेला घासलाच! आणि मोठे गोचीड बहुतेक तिथेच चिकटलेले असतात.

सभेत कोणी 'हरणांमुळे लाइम होतो' म्हणालं, तर ते अर्धंच खरं. रोगाचा जंतू गोचिडाच्या पिल्लांना मिळतो तो मुख्यतः पांढऱ्या पायांच्या उंदराकडून. हरणाच्या रक्तातून तो मिळत नाही. हरीण म्हणजे गोचिडांचं मंगल कार्यालय. शरद ऋतूत नर-मादी तिथे जमतात, मादी टम्म होईपर्यंत रक्त पिते, गळून पडते आणि वसंतात दोनेक हजार अंडी घालते. आपण उधळायचं ते हे लग्न.

पण घाई चालत नाही. येत्या शरदात यंत्र लावलं, तर पुढच्या उन्हाळ्यात पिल्लं कमी निघतील; ती वाढून होणारे, माणसाला चावणारे खसखशीएवढे गोचीड कमी दिसतील ते त्याच्याही पुढच्या उन्हाळ्यात. तुमच्या राज्यासह ईशान्येकडच्या पाच राज्यांत १९९७पासून याची मोठी चाचणी झाली. सहाव्या वर्षी असे छोटे गोचीड सुमारे ७१ टक्के घटले होते. एका परसात एक यंत्र ठेवून हे होत नाही, आख्खा टापू लागतो.

एक खोट मला खटकते. एकाच कुंडीत सगळ्या हरणांची तोंडं, म्हणजे लाळेतून पसरणाऱ्या, हरणांना झिजवून मारणाऱ्या प्रायॉन (बिघडलेल्या प्रथिनाच्या) रोगाला आमंत्रण. म्हणून वर्गणी देण्याआधी दोन गोष्टी विचारा : वन्यजीव खात्याची परवानगी घेतली का, आणि दर आठवड्याला मका भरून रोलरला औषध कोण लावणार? दुसऱ्या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बघू लागले, तर पैसे घरीच ठेवा.

तोवर मे ते जुलै रोज संध्याकाळी मुलाच्या गुडघ्यामागे, काखेत, कानामागे नीट बघा. गोचीड दिसला तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. वर तेल नको, काडी पेटवून चटका तर मुळीच नको.