विश्रामबागेतला बंद फ्लॅट आणि आईचं ‘काही नको’

प्रश्न : ताई, मी सांगलीचा, नदीकाठच्या जुन्या गावभागातला. पंधरा-सोळा वर्षं झाली, मेलबर्नला असतो. आई-बाबा अजून जुन्या घरातच आहेत. बाबा साखर कारखान्यात टाइम ऑफिसला होते, आता निवृत्त. २०१९च्या पुरानंतर मी नदीपासून लांब, विश्रामबागेत फ्लॅट घेतला, सोफ्यापासून वॉशिंग मशीनपर्यंत सगळं भरून दिलं. ते तिथे महिनाभरही टिकले नाहीत. दर खेपेला जे नेतो ते आई कपाटात ठेवते. काय हवं विचारलं की ‘काही नको’. इकडे आमच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं आहे. पगार वाढला, घर मोठं झालं, तरी आम्ही नवरा-बायको कशावर तरी सतत चिडलेलेच. डिसेंबरमध्ये येतोय. जुन्या घरातली तांब्या-पितळेची भांडी मोडीत काढावीत म्हणतो, तर आई ऐकत नाही. माझं चुकतंय का?

उत्तर : चुकतंय असं नाही, घाई होतेय. भांड्यांचं शेवटी बोलू, आधी फ्लॅटचं.

गावभागातल्या माणसाला २०१९चा ऑगस्ट सांगायची गरज नसते, पण तुम्ही तो फोनवर पाहिलात म्हणून सांगते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. ओसरल्यावर घरोघरी दारासमोर ढीग लागले. चिखलाने जड झालेल्या गाद्या, फुगून पापुद्रे सुटलेलं प्लायवूड, फ्रिज, पोरांची पुस्तकं, लग्नाचे अल्बम. काहींच्या टीव्हीचे हप्तेसुद्धा फिटले नव्हते. पितळी डबे आणि पातेली मात्र चिंच-मीठ लावून घासली आणि परत मांडणीवर चढली. तुमच्या आईने हे स्वतःच्या हातांनी केलंय. कोणती वस्तू टिकते याबद्दल तिचं मत तुमच्या-माझ्यापेक्षा पक्कं असणार.

फ्लॅट तुम्ही काळजीपोटी घेतलात, आणि काळजी खोटी नव्हती. २०२१च्या जुलैत पाणी पुन्हा आलंच. तेव्हा फ्लॅट विकू नका. पण ते तिथे का राहत नाहीत, याचं उत्तर सोफ्याच्या रंगात शोधू नका. गावभागात दारात खुर्ची टाकून बसलं तरी सकाळ निघून जाते. गणपतीला जाऊन यायचं, भाजीवालीशी दोन रुपयांवरून भांडायचं, शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण, कुणाचा तरी अर्ज लिहून द्यायचा. विश्रामबागेत यातलं काय आहे? तिथली प्रत्येक वस्तू तुमच्या आवडीची, तुमच्या पैशाची. इस्त्री कुठे लावायची हेही त्यांनी तुम्हाला व्हिडिओ कॉलवर विचारायचं. आयुष्यभर घर चालवलेल्या दोन माणसांना तुम्ही त्या घरात पाहुणे करून ठेवलंत. आणि पाहुणा ‘काही नको’ असंच म्हणतो, नाही का?

जरा कठोर लिहितेय, पण परदेशातल्या बऱ्याच घरांत हेच दिसतं. प्रत्येकी २३ किलोच्या दोन-दोन बॅगा भरून यायचं, घड्याळं, क्रीम, चॉकलेटं, रक्तदाब मोजायचं यंत्र वाटायचं, परत जायचं. देणारा हात कायम तुमचा. आठवून बघा, इतक्या वर्षांत तुम्ही त्यांच्याकडे काय मागितलंत? पैसे म्हणत नाही. काम. जे त्यांच्याशिवाय अडेल असं एखादं काम.

बाबांपासून सुरुवात करा. टाइम ऑफिसमध्ये शेकडो कामगारांची हजेरी सांभाळलेला माणूस कागदाला पक्का असतो. जुन्या घराच्या मालमत्ता पत्रकावर आज कुणाकुणाची नावं आहेत, आजोबांनंतर वारसनोंद झाली का, पुरात भिजलेल्या कागदांच्या नकला काढल्या का, हे तुम्हाला माहीत आहे? नसणारच. ही जबाबदारी त्यांना द्या, खोटी खोटी नव्हे, खरीच द्या. पुढे हे निस्तरायला तुम्हालाच मेलबर्नहून यावं लागणार आहे.

आता फ्लॅट. विश्रामबागेत विलिंग्डन आणि वालचंद, दोन्ही कॉलेजं हाकेच्या अंतरावर. जत, आटपाडी, खानापूरकडची पोरं तिथे शिकायला येतात आणि कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका खाटेच्या भाड्यावर, खोल्या शोधत फिरतात. तुमच्या भावकीत, आईच्या माहेरी अशी एखादी मुलगी नाही? दोघी-तिघींना राहू द्या. भाडं नाममात्र घ्या. कोणाला ठेवायचं हे आईने ठरवायचं, नियम बाबांनी घालायचे. तो मिक्सर, ती मशीन, कपाटातल्या ठेवणीतल्या चादरी, सगळं आपोआप वापरात येईल. आठवड्यातून एकदा आई डबा घेऊन जाईल, पसारा बघून बडबड करेल. पूर आलाच तर दोघांना जायला चालतं-बोलतं घर असेल, वास मारणारा बंद फ्लॅट नव्हे.

हे काही मी आज शोधून काढलेलं नाही. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह चालवलं, तेव्हा पोरांना जेवू घालायला पैसे नव्हते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. त्या १९३०मध्ये गेल्या, पण कर्मवीरांच्या ‘रयत शिक्षण संस्थे’च्या शाळेत शिकलेला प्रत्येक जण ही गोष्ट ऐकून मोठा झालेला असतो. तुम्हाला कुणी मंगळसूत्र विकायला सांगत नाही. एक किल्ली द्यायची आहे.

व्यवहार मात्र चोख ठेवा. नात्यातलं असलं तरी लिव्ह अँड लायसन्सचा करार करा आणि नोंदवा, महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो. भाडं तुमच्या एनआरओ खात्यात, म्हणजे परदेशस्थांच्या इथल्या उत्पन्नासाठी असलेल्या बँक खात्यात, जमा होऊ द्या. ‘घरचीच पोरगी आहे, कागद कशाला’ असं म्हणणारा एखादा काका निघेलच. त्याला चहा द्या आणि करार करा.

तुमच्या चिडचिडीवर माझ्याकडे जादू नाही. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४मध्ये एक कोडं मांडलं होतं. एका देशात एका वेळी बघितलं तर पैसेवाला गरिबापेक्षा सुखी असतो, पण सगळ्या देशाचं उत्पन्न वर्षानुवर्षं वाढत गेलं तरी सुख त्या मानाने वाढत नाही, कारण आपण स्वतःला आजूबाजूच्यांच्या मापाने मोजतो. यावर पुढे खूप वाद झाले, अजून चालू आहेत. पण तुमच्या तिकडच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती संपायच्या आत कुणी कुठल्या सबर्बमध्ये केवढं घर घेतलं हे कळतं की नाही? आणि गाडीतून घरी येताना तुम्ही दोघं कशावर बोलता? त्या दिवशीची भांडणं जरा आठवा.

गॅरेजचं सोपं आहे. वर्षभरात हात न लागलेलं देऊन टाका. यावर चिंतन नको, एक शनिवार पुरे.

राहिली भांडी. मोडीचा भाव वजनावर मिळतो, तेवढ्या पैशासाठी आईशी वैर कशाला? तरीही सगळं ठेवायचं म्हटलं तर तेही खरं नाही. हंडे, घंगाळं, पाहुण्यांची चाळीस ताटं आज कोण उचलणार? डिसेंबरात सगळी भांडी अंगणात मांडा आणि आईलाच विचारा, हे कुणाचं, कधी घेतलं, आता कुणाला द्यायचं? भांड्यावर कोरलेली नावं वाचा, मुलांना वाचू द्या. काही बहिणीकडे जातील, काही फ्लॅटमधल्या पोरींकडे, काहींचं नाव वाचून आई स्वतःच ‘घाला मोडीत’ म्हणेल. तिने म्हटलं तर घाला.

रोजच्या स्वयंपाकाला एक-दोन पातेली घेऊन जाणार असाल तर इथेच कल्हई करून घ्या. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट वरण, ताक, सार अजिबात ठेवू नका. कल्हईवाले आता कमी राहिलेत, आईला आधीच शोधून ठेवायला सांगा. आणि तिने सोबत पोळपाट-लाटणं, लोणचं, मसाला बांधून दिलाच, तर मेलबर्नला उतरताना भरायच्या प्रवासी कार्डावर लाकूड आणि खाद्यपदार्थ दोन्ही न विसरता जाहीर करा. तपासून बहुतेक सोडतात, लपवलं तर मात्र मोठा दंड बसतो.