बेसबॉलमध्ये हरणाऱ्या संघाला वय झालेल्या पिचरचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचा, काय उपयोग? २ विजय आणि १५ पराभव नावावर असलेल्या झॅक ग्रेंकीला अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी रॉयल्स संघाने २०२३ मध्ये वर्षभर का खेळवलं?

उपयोग असतो आणि चांगलाच असतो, पण विजय-पराभवाच्या रकान्यात तो सापडत नाही. मी कॅन्सस सिटीला लागूनच, ओव्हरलँड पार्कला राहतो. रॉयल्स हा माझा संघ, त्यामुळे ते वर्ष मी जवळून पाहिलंय.

पिचरच्या नावावर विजय लागायचा तर त्याच्या संघाने धावा काढाव्या लागतात. २०२३चे रॉयल्स ५६ सामने जिंकले आणि १०६ हरले. ग्रेंकी तेव्हा ३९ वर्षांचा होता. नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, दिलेल्या धावांची त्याची सरासरी ५.०६ होती, म्हणजे तोही काही फार छान खेळत नव्हता. तरीपण त्याने १४२ इनिंग टाकल्या, आणि खरा मुद्दा इथे आहे.

बेसबॉलमध्ये एकदा बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. सुरुवातीचा पिचर तिसऱ्या इनिंगमध्येच कोलमडला तर उरलेल्या सहा इनिंग बुलपेनमधल्या, म्हणजे राखीव पिचरच्या ताफ्यातल्या, पोरांनी काढायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना असतोच, कारण सहा महिन्यांत १६२ सामने उरकायचे असतात. थकलेले हात पुन्हा वापरले की दुखापती होतात. मग ओमाहाच्या मायनर लीग (खालच्या पातळीच्या) संघातून एखादा कच्चा मुलगा घाईघाईने वर आणतात, त्याला बेदम मार बसतो आणि त्याचा आत्मविश्वास जातो. हरणारा संघ असा आतून पोखरला जातो. दर पाचव्या दिवशी येऊन पाच इनिंग निभावून नेणारा माणूस हे चक्र थांबवतो. आपल्याकडे रणजीत एखादा जुना स्पिनर दिवसभर एक बाजू लावून धरतो, तसंच.

ग्रेंकी ते कसं करायचा हे पाहण्यासारखं होतं. त्याचा फास्टबॉल जेमतेम ताशी नव्वद मैलांच्या आसपास असायचा, आजच्या हिशोबाने हळूच. पण मधेच तो पासष्ट-सत्तर मैलांचा कर्व्ह (वळणारा हळू बॉल) सोडायचा. बॅटरचा पुढचा पाय आधीच पडलेला असायचा, बॅट अर्ध्यात थांबायची आणि बॉल अजून वाटेतच असायचा. वॉक, म्हणजे चुकीच्या बॉलमुळे बॅटरला फुकट मिळणारा बेस, तो फार थोडे द्यायचा. तरुण पिचरला डगआउटमध्ये बसून दर पाचव्या दिवशी हे बघायला मिळणं मला फार मोलाचं वाटतं. शिवाय माणूस घरचा. सर्वोत्तम पिचरला मिळणारा २००९चा साय यंग पुरस्कार त्याने याच संघाकडून मिळवला होता, आणि त्या वर्षीही रॉयल्स ९७ सामने हरले होते.

आता दुसरी बाजू. त्याच वर्षी जॉर्डन लाइल्सने रॉयल्ससाठी १७७ इनिंग टाकल्या, ग्रेंकीपेक्षा जास्त. पण सरासरी ६.२८ आणि १७ पराभव. तिथे मला गणित चुकलेलं दिसतं. नुसत्या इनिंग भरून भागत नाही, सामना हातात तरी राहायला हवा. गंमत म्हणजे हाच लाइल्स आदल्या वर्षी बाल्टिमोरला १७९ इनिंग टाकून गेला होता, सरासरी ४.४२. तो संघ २०२१ मध्ये ११० सामने हरलेला. २०२२ मध्ये त्यांनी ८३ जिंकले. सगळं श्रेय लाइल्सचं नाही, पण त्या तरुण संघाला त्याचा आधार झाला. माणूस तोच, सरासरी दीड-दोन धावांनी वाढली आणि त्याची किंमतच बदलली.

तिसरा उपयोग चाहत्यांना आवडत नाही, पण कधीकधी तोच सर्वांत मोठा ठरतो. तो म्हणजे दुसऱ्या संघाशी खेळाडूंची अदलाबदल. २०२३च्या सुरुवातीला रॉयल्सने पस्तिशीच्या पिचर अरोल्डिस चॅपमनला ३७.५ लाख डॉलरवर घेतलं होतं. त्याचा वेग परत आला, बॉल पुन्हा शंभर मैलांवर जायला लागला आणि ३० जूनला त्याला टेक्सासच्या संघाला देऊन टाकलं. बदल्यात आला कोल रेगन्स. कोपराच्या दोन मोठ्या शस्त्रक्रिया झालेला आणि टेक्सासने बुलपेनमध्ये वापरलेला डावखुरा पिचर. २०२४ मध्ये त्याने २२३ वेळा बॅटरना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे बॉल न लागू देता बाद केलं. टेक्सासनेही २०२३ मध्येच वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, जिंकली, त्यामुळे कोणी फसलं असं म्हणता येत नाही.

यानंतर रॉयल्सने जे केलं ते तुमच्या प्रश्नाचं सर्वांत थेट उत्तर आहे. १०६ पराभवांनंतर सगळं तरुणांवर सोडून न देता त्यांनी ३४ वर्षांच्या पिचर सेथ लुगोला तीन वर्षांसाठी साडेचार कोटी डॉलर दिले आणि मायकल वाकाला दोन वर्षांसाठी ३.२ कोटी. लुगोने २०२४ मध्ये २०६ इनिंग टाकल्या, सरासरी ३.००, सोळा विजय. साय यंगच्या मतदानात तो दुसरा आला. वाकानेही तेरा सामने जिंकले. संघ ५६ विजयांवरून थेट ८६ वर गेला. संघाचा बॅटर बॉबी विट ज्युनियरची .३३२ सरासरीची बॅटिंग नसती तर हे झालं नसतं, हेही तितकंच खरं. पण दोन अनुभवी पिचर पुढे उभे असल्यामुळे एकट्या रेगन्सवर सगळा भार आला नाही. १ ऑक्टोबर २०२४ला बाल्टिमोरमध्ये प्लेऑफचा (बाद फेरीचा) पहिला सामना रेगन्सनेच सुरू केला. सहा इनिंग, एकही धाव नाही. विटच्या एका हिटवर रॉयल्स तो सामना १-० ने जिंकले.