फोटोशॉपच्या स्टेन्ड ग्लास फिल्टरने आजीचा चेहरा ओळखूच येत नाही. सेल साइज किती ठेवू? मागून दिवा लावून फ्रेम करायची आहे.

सेल साइज, म्हणजे एकेका तुकड्याचा आकार, कितीही ठेवा, चेहरा येणार नाही. हा फिल्टर चित्रातल्या आकारांकडे बघतच नाही. फोटोवर वेडेवाकडे बहुकोन टाकतो आणि प्रत्येकात एकेक रंग भरतो. नाक कुठे संपलं, पदर कुठे सुरू झाला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सेल लहान केली की रेघांचं जाळं दाट होऊन चेहरा काळवंडतो. मोठी केली की डोळा आणि भुवई एकाच तुकड्यात जातात.

रंगीत काचांच्या खऱ्या खिडकीत चेहरा सहसा एकाच काचेचा असतो. डोळे, नाक, ओठ त्या काचेवर गडद तपकिरी रंगाने काढून भट्टीत भाजतात. काचा जोडणारी शिशाची पट्टी कपाळाच्या, हनुवटीच्या कडेने जाते, गालावरून नाही. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमधल्या 12व्या-13व्या शतकातल्या खिडक्यांतही हेच दिसतं. मुंबईत असाल तर कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या, इंग्लंडच्या विल्यम वेल्सने केलेल्या खिडक्यांसमोर उभे राहा आणि रंग सोडून फक्त शिसं कुठून वळतं ते बघा. ‘फिल्टर मारून द्या, गिऱ्हाइकाला काय कळतंय’ असं म्हणणाऱ्या एका प्रिंटिंगवाल्याशी माझा याच मुद्द्यावर जुना वाद आहे. गिऱ्हाइकाला शिसं, काच कळत नसेल, पण आपल्या आजीचा चेहरा कळतो.

तेव्हा रेघा हाताने काढा. ए-फोर, 300 पीपीआय, म्हणजे 2480 बाय 3508 पिक्सेलची फाइल घ्या. फोटो सर्वांत खाली ठेवून ओपॅसिटी 50 टक्के करा. पेन टूलने पाथ काढा आणि वरच्या वेगळ्या लेयरवर हार्ड राउंड ब्रशने स्ट्रोक द्या. आकृतीची बाह्यरेघ 18 ते 20 पिक्सेल, आतल्या रेघा 10 ते 12, चौकट 40. स्ट्रोक पाथमधलं ‘सिम्युलेट प्रेशर’ बंद ठेवा, नाहीतर रेघेची टोकं निमुळती होतात. शिशाची कुठलीही एक पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच रुंदीची असते.

आता खरी मेख. प्रत्येक रेघ दुसऱ्या रेघेला किंवा चौकटीला जाऊन भिडलीच पाहिजे. तुकड्याच्या मधोमध संपणारी रेघ म्हणजे काचेला अर्धवट चिरा, तसं कोणी कापत नाही. इंग्रजी ‘एल’ किंवा ‘यू’सारखे आत कोपरा असलेले तुकडेही नकोत, कापताना काच त्या कोपऱ्यातून तडकते. खांदा आणि मानेच्या मधल्या खाचेत असा तुकडा हमखास तयार होतो. तिथून एक रेघ सरळ चौकटीपर्यंत न्या, की पार्श्वभूमीचे दोन साधे तुकडे होतात. चेहरा मात्र अखंड ठेवा. त्याच्या खुणा वेगळ्या लेयरवर, गडद तपकिरी रंगात, 3 ते 6 पिक्सेलच्या ब्रशने काढा आणि लेयर मल्टिप्लाय मोडवर टाका. सुरकुत्यांपैकी दोन-तीनच घ्या, डोळ्याच्या कडेच्या आणि ओठांच्या बाजूच्या. ओळख तिथेच असते.

रंग भरताना मॅजिक वाँड रेघांच्या लेयरवर चालवा, ‘कंटिग्युअस’ चालू ठेवून. सिलेक्शन 3 पिक्सेलने एक्सपांड करून रेघांखालच्या लेयरवर भरा. एक्सपांड विसरलात तर रेघेच्या कडेला पांढरी किनार राहते, आणि मागून दिवा लागला की तीच पहिली दिसते. एकाच रंगाच्या शेजारी तुकड्यांत ब्राइटनेस थोडा कमी-जास्त ठेवा. काचेचा पोतही प्रत्येक तुकड्यात वेगळा हवा: ‘क्लाउड्स’ फिल्टरचे दोन लेयर करा, एक 90 अंशांत फिरवा, आणि मास्क लावून शेजारच्या तुकड्यांत आलटून-पालटून दाखवा. पोत रेघेखालून सलग गेला तर सगळं एकाच कागदावर छापल्यासारखं दिसतं. शिशाला शुद्ध काळा देऊ नका, गडद राखाडी द्या. इनर बेव्हल 5 पिक्सेल पुरे. सांध्यांवर रेघेच्या दीडपट रुंदीचे गोल ठिपके टाका, ते डागकामाचे, म्हणजे शिसं जोडल्याच्या खुणा. ड्रॉप शॅडो नको. उजेड मागून येतोय.

हेच कोरलड्रॉमध्ये स्मार्ट फिलने लवकर होतं. इंकस्केप फुकट आहे, त्याच्या पेंट बकेटमध्ये ‘ग्रो बाय’ ला 1-2 पिक्सेल द्या, किनारीचा प्रश्न मिटतो.

तुम्हाला मागून दिवा लावायचाय, म्हणून एक गोष्ट जरूर करा. साध्या प्रिंटमागे दिवा लावला की रंग फिके पडतात. बॅकलिट फिल्मवर (मागून उजेड देण्यासाठीच्या अर्धपारदर्शक फिल्मवर), शाईचा थर दाट देऊन छापून घ्या. छापलेल्या काळ्यातून उजेड झिरपतो, तेव्हा रेघा अपारदर्शक काळ्या व्हिनाइलमध्ये (चिकट प्लास्टिकमध्ये) प्लॉटरवर, म्हणजे कापणाऱ्या मशीनवर, कापून वरून चिकटवल्या तर उत्तम. पण ए-फोरवर 12 पिक्सेल म्हणजे जेमतेम 1 मिलिमीटर. इतकी बारीक पट्टी सोलताना तुटते. व्हिनाइल वापरायचं असेल तर पॅनेल मोठं करा, इतकं की सर्वांत बारीक रेघ किमान 3 मिलिमीटर होईल. एलईडी पट्टी प्रिंटला चिकटवू नका, मध्ये 8-10 सेंटिमीटर जागा सोडा, नाहीतर ठिपके दिसतात.

फिल्टर अगदीच वापरायचा असेल तर आजीला सिलेक्शनमधून वगळून फक्त पार्श्वभूमीवर वापरा. सेल 25 ते 30, बॉर्डर 5 पासून सुरुवात करा. रेघेचा रंग फोरग्राउंड कलरवरून येतो, तो आधी निवडा. मेनूत फिल्टर करडा दिसत असेल तर फाइल सीएमवायके (छपाईच्या रंगपद्धतीत) किंवा 16 बिटमध्ये आहे, ती आरजीबी 8 बिट करा.